आकड्याचा दाखला

वडवणीच्या माणसाने उभ्या आयुष्यात स्वतःच्या नावाखालोखाल जास्तीत जास्त वेळा काय लिहिलं असेल, तर ४३११४४. पीकविम्याच्या अर्जावर, बँकेच्या केवायसीवर, पोरीच्या बायोडाट्यावर, पोराच्या भरतीच्या फॉर्मवर आणि ऑनलाइन मागवलेल्या मोबाइल कव्हरच्या पत्त्यावर. चार लाख एकतीस हजार एकशे चव्वेचाळीस असं अख्खं कोणी म्हणत नाही. 'त्रेचाळीस, अकरा, चव्वेचाळीस' असं तीन जोड्यांत म्हणायचं आणि पुढच्या रकान्याकडे वळायचं. हा आकडा गावाच्या नावाला कायमचा लटकलेला आहे. पण बाबा रे, तू कोण, कुठला, तुझ्या पोटात काय, असं त्याला कोणी कधी विचारलेलं नाही.

हे आमच्या जिल्ह्याच्या स्वभावाला धरून नाही. बीडच्या माणसाला आकड्याचं भारी वेड. एमएच २३ च्या पुढे कोणता नंबर घ्यायचा यावरून सख्ख्या भावांत अबोला धरला जातो. ४१४१ घेतला तर तो असा वळणदार रंगवतात, की लांबून 'दादा' वाचावं. २१४ चा 'राम' होतो. ८०५५ इंग्रजीतला 'बॉस' होतो, मग गाडीचे तीन हप्ते थकलेले का असेनात. सप्त्याच्या पंगतीला कोणी पाचशे देत नाही, पाचशे एक देतो, आणि माइकवरून नाव पुकारताना तो वरचा एक रुपया गाळला तर उठून सांगतो. ऊसतोडीच्या मुकादमाची वही तर वेगळ्याच गणितावर चालते. तिथे एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून दोन माणसं, आणि एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता. एक बरोबर दोन, अर्धा बरोबर एक. शाळेचं तोंड न पाहिलेली माणसंसुद्धा उचल घेताना हा हिशेब बिनचूक करतात. तो फिसकटतो तो उचल फेडताना, आणि तेव्हा वही त्यांच्या हातात नसते.

अशा जिल्ह्यात पिनकोडाला मात्र कोणी वाली नाही.

पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस. नोकरीने सरकारी अधिकारी आणि पिंडाने संस्कृत कवी. देशात एकाच नावाची दहा-दहा गावं, पत्ते लिहिण्याच्या भाषा वेगवेगळ्या, आणि अक्षर म्हणावं तर डॉक्टरचं. त्यावर त्यांनी सहा आकड्यांचा उतारा काढला. वडवणीला या उताऱ्याची नितांत गरज होती. इंग्रजीत कोणी ती डब्ल्यूने लिहितो, कोणी व्हीने, आणि तिकडे मध्य प्रदेशात नर्मदेजवळ बडवानी नावाचं गाव जिल्ह्याचं ठिकाण होऊन बसलेलं आहे. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा सगळा पट्टा. म्हणजे बडवानीचाही पहिला आकडा ४ च. पहिल्या तीन आकड्यांवर, ४३१ वर, टपालाची जिल्हावार वाटणी होते. उरलेला १४४ तेवढा खास वडवणीचा. १४४ म्हणजे बाराचा वर्ग, हे झालं गणितात. फौजदारी कायद्यात ते जमावबंदीचं कलम. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत त्याचं १६३ झालं. पोस्टाने मात्र वडवणीवरचं १४४ अजून उठवलेलं नाही.

आणि १९७२ साल. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला 'बहात्तर' म्हटलं की पिनकोड आठवत नाही. त्याला सुकडी आठवते, मिलो ज्वारीची लालसर भाकरी आठवते, दुष्काळी कामावर फोडलेली खडी आठवते. वेलणकरांचे सहा आकडे त्या वर्षी मराठवाड्यात आले असतील तेव्हा त्यांच्याकडे बघायला कोणाला सवड होती?

आता सवड आहे. वडवणीच्या एका हॉटेलात (आमच्याकडे चहाच्या टपरीलाही हॉटेलच म्हणतात) एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर हा आकडा मांडला आणि फोडायला घेतला. शेजारी भरतीची तयारी करणारा एक पोरगा बसलेला होता. ही पोरं पहाटे मैदानावर पळतात आणि दिवसभर अंकगणित करतात, त्यामुळे त्याने कागद ओढूनच घेतला.

"सर, आधी दोननं मारा."

दोनने मारला. २१५५७२. पुन्हा मारला, १०७७८६. पुन्हा, ५३८९३. आता विषम झाला. तीनने जाईना. साताने गेला, ७६९९ वर येऊन थांबला. तिथून पुढे काही केल्या हलेना. अकरा, तेरा, सतरा, एकोणीस, अशा एकेक मूळ संख्या पोराने घातल्या, थेट त्र्याऐंशीपर्यंत. त्याच्या पुढे घालण्याची गरज नाही, कारण त्र्याऐंशीच्या पुढची मूळ संख्या एकोणनव्वद आणि तिचा वर्ग ७६९९ च्या वर जातो. म्हणजे ७६९९ ही अभंग, मूळ संख्या. समोरच्या बाकावर एक अप्पा पेपर तोंडासमोर धरून आमचंच ऐकत होते. ते म्हणाले, "हा खरा गडी बगा. कुणाच्याच भागाला येईना."

तर वडवणी म्हणजे दोनाचा घन गुणिले सात गुणिले ७६९९. इथपर्यंत शाळेतलं झालं. खरी मजा पुढे आहे. गणितवाल्यांना आकडा दिसला की त्याचा दाखला काढल्याशिवाय चैन पडत नाही. तहसीलमध्ये माणसाला लागत नाहीत इतके दाखले त्यांनी आकड्यांना लावून ठेवलेले आहेत, आणि त्यातला सर्वात जुना, दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीकांनी काढलेला, चक्क उत्पन्नाचा आहे. संख्येला स्वतःला सोडून ज्यांनी भाग जातो ते सगळे विभाजक घ्यायचे आणि बेरीज करायची. बेरीज संख्येपेक्षा कमी भरली तर ती न्यून. बरोबर तेवढीच भरली तर परिपूर्ण, जशी ६ किंवा २८. जास्त भरली तर विपुल. निकोमॅकस नावाच्या ग्रीक लेखकाने तर यावरून आकड्यांच्या अब्रूलाच हात घातला: विपुल म्हणजे गरजेपेक्षा जास्त तोंडं आणि हात असलेलं जनावर, न्यून म्हणजे एका डोळ्याचं किंवा एका हाताचं. परिपूर्ण तेवढी सद्गुणी.

वडवणीचे विभाजक पंधरा निघाले. १, २, ४, ७, ८, १४, २८, ५६ अशी आधी चिल्लर, मग ७६९९ पासून २१५५७२ पर्यंत बंद्या नोटा. बेरीज ४९२८५६. मूळ आकडा ४३११४४. म्हणजे खर्च जाऊन ६१७१२ शिल्लक. वडवणी विपुल!

पोराचा चेहरा पडला. "सर, मग हिला नॉन-क्रिमीलेयर मिळायची न्हाई."

अप्पांनी पेपर खाली ठेवला. "विपुल? कोण म्हणतं? २०२३ ला सरकारनं चाळीस तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात आपल्या जिल्ह्याचे तीन. अंबाजोगाई, धारूर आन् वडवणी. तवा कुठं गेला व्हता तुमचा इपुल?"

यावर गणिताकडे उत्तर नाही. पण कारण आहे, आणि ते सरळ आहे. वडवणीला २८ ने भाग जातो: २८ गुणिले १५३९८. आणि परिपूर्ण संख्येची कोणतीही पट घ्या, दुप्पट, तिप्पट, पंधरा हजार पट, ती विपुलच निघते. पोटात एक परिपूर्ण असला की पुढे कमाई आपोआप होते. या नियमाला पाऊस लागत नाही.

तेवढ्यात बीडचा आकडा तपासून पाहायची दुर्बुद्धी झाली. ४३११२२ बरोबर दोन गुणिले १५७ गुणिले १३७३. विभाजकांची बेरीज २२०१५४, म्हणजे मूळ आकड्याच्या निम्म्याहून जराशीच जास्त. जिल्ह्याचं ठिकाण न्यून आणि तालुका विपुल. ही गोष्ट जिल्हा नियोजन समितीच्या कानावर घालू नका. असलेला निधीही परत मागतील.

विपुल ठरलो, पण सुखी आहोत का? गणितात याचाही दाखला आहे. आकड्यातल्या प्रत्येक अंकाचा वर्ग करायचा, वर्गांची बेरीज घ्यायची, आणि आलेल्या आकड्यावर पुन्हा तेच. असं करत शेवटी १ वर पोचलात तर संख्या आनंदी. नाहीतर ती ४, १६, ३७, ५८, ८९, १४५, ४२, २० या आठ आकड्यांच्या रिंगणात सापडते आणि जन्मभर फिरत राहते. तिसरी वाट नाही. वडवणीचे वर्ग: सोळा, नऊ, एक, एक, सोळा, सोळा. बेरीज ५९. पुढे पंचवीस अधिक एक्क्याऐंशी, १०६. पुढे एक अधिक छत्तीस, ३७. झालं, रिंगणात शिरली.

विपुल असून आनंदी नाही. अशी दोन-चार घरं प्रत्येक गावात असतात, त्यामुळे कोणाला धक्का बसला नाही. मग सगळ्यांनी मिळून बीड घेतलं, गेवराई घेतली, केज, परळी, अंबाजोगाई, आष्टी, माजलगाव घेतलं. ४३११२३ चं केज ४० वरून १६ वर आपटलं. परळीच्या ४३१५१५ ने ७७ आणि ९८ अशी आशा दाखवली आणि थेट १४५ वर गेली. एकही आनंदी निघेना. "आपल्या जिल्ह्याला ग्रहणच हाय," असं अप्पा म्हणायला लागले, तेव्हा मुंबई घातली. ४००००१: सतरा, पन्नास, पंचवीस, आणि तीन टप्प्यांनी रिंगण. दिल्ली, ११०००१, तीही गेली. छत्रपती संभाजीनगर, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, सोलापूर, सगळी मुख्य टपाल कार्यालयं एकामागोमाग एक रिंगणात.

आणि मग पुणे. ४११००१. वर्ग सोळा, एक, एक, एक. बेरीज १९. पुढे ८२. पुढे ६८. पुढे १००. पुढे १.

पुणे आनंदी!

हॉटेलात शांतता पसरली. जे आम्हाला आयुष्यभर संशयाने वाटत होतं ते गणिताने सिद्ध करून दाखवलं होतं. "म्हणून तर समदी पोरं तिकडंच पळत्यात," अप्पा म्हणाले. भरतीवाल्या पोराने मात्र मुद्द्याचं विचारलं. त्याचा थोरला भाऊ एमपीएससी करतो, सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहतो. ४११०३०. सोळा, एक, एक, शून्य, नऊ, शून्य: २७. मग ५३, ३४, २५, २९, ८५, आणि ८९. रिंगण. भावाला न विचारताच पोराने मान डोलावली. कोथरूडचा ४११०३८ मात्र ९१ वरून ८२, ६८, १०० असा सुखरूप एकावर उतरतो. पेन्शनीत निघालेल्या माणसांची वस्ती आणि अभ्यासिकेतल्या पोरांची वस्ती यांतला फरक अंकांच्या वर्गांना इतका नेमका कसा कळतो, देव जाणे. हिशेबासाठी सांगतो, दहा लाखांपर्यंतच्या संख्या पाहिल्या तर साधारण सातात एक आनंदी निघते. म्हणजे रिंगणात असण्यात लाजण्यासारखं काही नाही. बहुमत आपलंच आहे.

या सगळ्या खेळाचा मराठीतला खरा धनी निराळाच आहे: दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्म, पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिक्षण, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर. मोठी पदवी नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. पदरच्या पैशाने पुस्तिका छापायच्या आणि परिषदांना जाऊन आकड्यांच्या गमती सांगायच्या. आपल्याकडच्या बऱ्याच विद्वानांनी त्यांना छंदिष्ट म्हणून बाजूला ठेवलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा त्यांचं नाव जगभर गेलं. मास्तर निवृत्त होऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती. आपल्याकडे माणसाची किंमत कळायला विमानाचं तिकीट लागतं, हे काही नवीन नाही.

कापरेकरांना नावं ठेवण्याची हौस होती, चांगल्या अर्थाने. जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या डेम्लो स्टेशनात एक कल्पना सुचली, तर त्या संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हणून मोकळे झाले. दुसऱ्या एका जातीला देवळालीचं नाव मिळालं. वडवणीला त्यांच्या हयातीत, म्हणजे १९८६ पर्यंत, स्टेशनच नव्हतं. त्यामुळे 'वडवणी संख्या' राहून गेली. बीडला रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ ला, आणि वडवणी त्याच लोहमार्गावर पुढे परळीच्या वाटेवर आहे. या २०२५ ची एक गोष्ट मास्तरांना फार आवडली असती. २०२५ म्हणजे ४५ चा वर्ग, आणि तो मधोमध तोडून बेरीज केली, २० अधिक २५, तर पुन्हा ४५. अशा संख्यांना जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. बीडच्या लोकांनी गाडीसाठी कित्येक दशकं वाट पाहिली, ती या मुहूर्तासाठी, असं म्हणायला हरकत नाही. निदान इतर कारणांपेक्षा हे कारण बरं दिसतं.

मास्तरांनी अंकांच्या बेरजेने ज्यांना भाग जातो त्या संख्यांना 'हर्षद' म्हटलं. रामानुजनमुळे गाजलेला टॅक्सीचा नंबर १७२९ हर्षद आहे: अंकांची बेरीज १९, आणि एकोणीस गुणिले एक्क्याण्णव बरोबर १७२९. वडवणीच्या अंकांची बेरीज १७. भागून पाहिलं, बाकी ७ उरते. म्हणजे स्वतः आनंदी नाही आणि दुसऱ्याला हर्ष देण्याचीही सोय नाही. इथे अप्पांनी चहा मागवला.

आता ती गोष्ट, जिच्यावरून हॉटेलात खरा गोंधळ झाला. कापरेकरांचा आणखी एक खेळ असा: कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. येईल ती तिची संतती. १५ मध्ये ६ मिळवले की २१, म्हणजे २१ ही १५ ची लेक. बहुतेक संख्यांना असा जनक असतो. काहींना दोन असतात: १०१ ही ९१ चीही संतती आणि १०० चीही, त्या घरात काय चालतं ते आपण विचारू नये. आणि काहींना जनकच नसतो, जशा २०, ३१, ४२, ५३. त्या स्वयंभू. देवळालीचं नाव लागलं ते याच जातीला.

वडवणी स्वयंभू असेल अशी सगळ्यांची खात्री होती. गावाचा अभिमान म्हणून एक गोष्ट असते. पोराने मागे मागे जात एकेक आकडा तपासला आणि मध्येच थांबला.

"सर, गावला."

४३११३१. अंकांची बेरीज चार, तीन, एक, एक, तीन, एक: तेरा. ४३११३१ अधिक १३ बरोबर ४३११४४. बिनतोड. दुसरा कोणी जनक आहे का म्हणून खाली सगळे आकडे धुंडाळले, कोणी नाही. हा एकटाच. आणि ४३११३१ हा पिनकोड कोणाचा, हे वडवणीच्या माणसाला सांगावं लागत नाही.

माजलगावचा.

बीड जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. वडवणी स्वतंत्र तालुका आहे. तहसील आहे, नगरपंचायत आहे, पंचायत समिती आहे. पण विधानसभेला वडवणीचा माणूस मत देतो ते माजलगाव मतदारसंघात. आमदार माजलगावचा म्हणवला जातो, धरण माजलगावचं, बातमीतही 'माजलगावजवळील वडवणी'. एवढं सगळं सोसून माणूस म्हणतो, निदान पोस्टात तरी आपण आपले. आणि तिथे निघावा जनक म्हणून माजलगाव!

"कामून पण?" अप्पा उभेच राहिले. "तेरा मिळवायला सांगितले कुणी?"

"अप्पा, नियमच आहे तसा."

"नियम कुणी केला?"

"देवळालीच्या मास्तरांनी."

"मंग त्यांना काय ठावं हितलं?"

मागच्या बाकावरून कोणीतरी निवेदन देण्याची सूचना केली. कोणाला द्यायचं यावर दोन मतं पडली, तहसीलदारांना की पोस्टमास्तरांना. बीड-परळी रस्ता दाराशीच असल्यामुळे रास्ता रोकोचाही विषय निघाला; पण १४४ आपल्याच पिनमध्ये आहे, हे पोराने लक्षात आणून दिलं. मी आपलं समजुतीच्या सुरात सांगितलं, की माजलगावही काही स्वयंभू नाही, त्याचाही जनक आहे, ४३११२०. आणि वडवणीलाही पुढे संतती आहे: ४३११४४ अधिक १७, म्हणजे ४३११६१. अप्पांचं एवढ्याने समाधान झालं नाही. भावकीचा वाद आणि जनकाचा वाद गणिताने मिटत नाहीत, ते दिवाणी कोर्टाचं काम.

त्यांना जरा बरं वाटावं म्हणून आकडा उलटा लिहून दाखवला. ४३११४४ उलटा केला की ४४११३४. दोन्हींची बेरीज ८७२२७८. ही डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखीच. पिनकोड आखणाऱ्या वेलणकरांनी संस्कृतात विलोमकाव्य रचलं होतं. सरळ वाचलं तर रामाची स्तुती, उलटं वाचलं तर कृष्णाची. त्यांच्या हाताखालून गेलेला आकडा उलटासुलटा शोभून दिसावा, हे ठीकच झालं. खरं सांगायचं तर यात चमत्कार काही नाही. आकडा आणि त्याचा उलटा यांच्या बेरजेत कुठेही हातचा आला नाही, की उत्तर दोन्ही बाजूंनी सारखंच येतं. पण अप्पा इतके खूश झाले होते की हातच्याची गोष्ट मी गिळून टाकली.

शेवटी मास्तरांचा सर्वात गाजलेला खेळ राहिला होता. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येता आणि तिथून हलत नाही. कापरेकरांनी हा आकडा १९४९ साली मांडला. आम्ही १९७२ घेतलं. ९७२१ उणे १२७९, ८४४२. मग ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, आणि ६१७४. बरोबर सात. बहात्तर साल गणितातसुद्धा लवकर सरत नाही.

सहा अंकांना मात्र असा एक शेवट नेमलेला नाही. काही दोन ठरावीक आकड्यांवर जाऊन बसतात, काही फिरत राहतात. वडवणीचं काय होतं? ४४४३११ उणे ११३४४४, ३३०८६७. मग ८४२६५२, ६४०८५४, ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४, आणि ४२०८७६. इथून सात आकड्यांचं चक्र सुरू होतं: ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि परत ४२०८७६. कितीही वेळा वजाबाकी करा, निकाल लागत नाही, टेबल तेवढं बदलतं. पोराने दोन फेऱ्या स्वतः मारून पाहिल्या. लग्नपत्रिकेची पाठ भरली, मग त्याने नवरदेवाच्या मामांच्या नावांवरूनच वजाबाक्या लिहायला सुरुवात केली, तेव्हा हॉटेलवाल्याने पत्रिका काढून घेतली. लग्न अजून व्हायचं होतं.

तुमच्या गावचाही पिनकोड घ्या आणि बसा एकदा. वर्गांची बेरीज करा, विभाजक काढा, जनक कोण निघतो ते पाहा. शेजारचा तालुका निघाला तर मात्र चारचौघांत बोलू नका. पुण्याच्या ४११००१ वाल्यांनी तसदी घेऊ नये, त्यांचं काम झालेलं आहे. बाकीच्यांनी निर्धास्त करावं. वडवणीत हल्ली कुरिअरवाल्याने फोनवर 'पिन सांगा' म्हटलं की माणसं घाबरून फोन ठेवतात. तर सांगून ठेवतो: पिनकोड सांगितल्याने खात्यातला एक पैसाही जात नाही. बँकेचा चार आकड्यांचा पिन मात्र कोणालाही सांगू नका, मग त्याचं शेवटी ६१७४ होवो की आणखी काही.